खिडकीतला पांढरा उजेड

हेर्डिसला काळजी करायला कारण लागत नाही, आणि कारण मिळालंच तर ती ते वाया जाऊ देत नाही. उत्तरेच्या टोकाला असलेल्या स्कार्वनेस गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे, तिला स्वतःलाही. "माहेरून आणलंय मी हे," असं ती म्हणते. तिचा बाप हिवाळ्यातल्या मासेमारीला गेला की आई खिडकीत दिवा लावून ठेवायची, आणि तो दिवा गेला तर नाही ना, हे बघायचं काम लहानग्या हेर्डिसकडे असायचं. बाप दर वेळी सुखरूप परत आला आणि पिकल्या पानासारखा अंथरुणातच गेला. पण पोरीच्या डोक्यात एक गोष्ट बसली ती बसलीच. आपण दिव्यावरची नजर काढली की पाण्यावरचं माणूस गेलं म्हणून समजा.

पुढे तिने लग्न केलं तेही मासेमाराशीच. म्हणजे बघा. ज्या बाईला धक्क्याला बांधलेल्या होडीत पाय ठेवला तरी मळमळतं, तिने हाल्वारला हो म्हटलं, कारण उन्हाळ्यात हाल्वारसारखा माणूस अख्ख्या किनाऱ्यावर नव्हता. रात्रीही सूर्य मावळत नाही त्या दिवसांत तो छपरं रंगवायचा, शेजाऱ्यांच्या छपरांनाही हात लावायचा, अकॉर्डियन वाजवायचा आणि कोवळ्या बटाट्यांबरोबर उकडलेला मासा चार माणसांचा एकटा खायचा. लग्न जूनमध्ये झालं. हिवाळ्यातला हाल्वार तिने लग्नानंतर पाहिला.

नोव्हेंबर संपता संपता सूर्य डोंगराआड जातो तो जानेवारी निम्मा उलटल्याशिवाय तोंड दाखवत नाही. सूर्य गेला की हाल्वार हळूहळू घरातल्या घरात नाहीसा होत असे. आधी गाणं जायचं, मग बोलणं, मग जेवण. झोप मात्र वाढायची, आणि झोपून उठलेला माणूस जास्तच दमलेला दिसायचा. तरुणपणी कामाच्या रेट्यात हे निभावून गेलं. मोठी बोट विकली, घरी बसायची वेळ आली, आणि मग निभेना.

दोन हिवाळ्यांपूर्वी, ऐन काळोखाच्या दिवसांत, तो लहान होडी घेऊन खाडीच्या तोंडापर्यंत गेला. लाइफ जॅकेट खुंटीवर होतं आणि जाळीही घरीच होती. शेजारचा ओलुफ नेमका मासे घेऊन परत येत होता. त्याने दोर टाकला आणि होडी ओढत आणली.

"जरा वारा खायला गेलो होतो," हाल्वार म्हणाला.

"होता खरा वारा," ओलुफ म्हणाला.

झालं. त्यापलीकडे त्या गोष्टीबद्दल गावात कुणी चकार शब्द काढला नाही. हेर्डिसनेही काढला नाही. तिने फक्त होडीघरात जायचं सोडलं, आणि रात्री त्याच्या श्वासाकडे कान लावून पडायची सवय लावून घेतली.

ही इथली रीतच आहे. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही गोष्ट स्कार्वनेसला लागू नाही. इथे हिवाळ्यात कुणी पडदे ओढत नाही. प्रत्येक खिडकीत एक छोटा पिवळा दिवा अहोरात्र जळतो, आणि आतलं सगळं रस्त्यावरून दिसतं. कोण जेवतंय, कोण भांडतंय, कोण टेबलावर डोकं टेकून बसलंय. पण बघायचं मात्र नाही. दिसलं तरी दिसलं नाही म्हणायचं. याला इथली माणसं सभ्यपणा म्हणतात. मी इथे इतकी वर्षं काढली, पण हा सभ्यपणा आहे की भित्रेपणा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या वारा खाण्यानंतर हेर्डिस त्याला दंडाला धरून डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाई दक्षिणेकडून आलेली तरुण मुलगी होती. तिने गोळ्या दिल्या, रोज थोडं चालायला सांगितलं, आणि एक दिवा दिला. पोळपाटापेक्षा थोडा मोठा, चौकोनी, दुधासारखा पांढरा उजेड देणारा. सकाळी उठल्या उठल्या अर्धा तास त्याच्यासमोर बसायचं. दिव्यात टक लावून बघायचं नाही; नाश्ता करा, पेपर वाचा, पण उजेड तोंडावर पडला पाहिजे. आणि हे सूर्य जायच्या आधीपासून सुरू करायचं, बुडल्यावर नाही.

गेल्या हिवाळ्यात ते दोघं मिळून बसले. हेर्डिसची वृद्धाश्रमातल्या नोकरीची पाळी तेव्हा दुपारची होती. स्वयंपाकघरातल्या आतल्या कोपऱ्यात, चुलीशेजारच्या बाकावर, दिवा साखरेच्या डब्याला टेकवून. तो कॉफी प्यायचा, ती विणायची आणि वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांच्या गमती सांगायची. नाताळपर्यंत हाल्वार जेवायला लागला. जानेवारीत त्याने एकदा शीळ घातली. हेर्डिस तेव्हा न्हाणीघरात होती. शीळ ऐकून ती टॉवेलात तोंड खुपसून रडली.

आणि मग या हिवाळ्यात तिची पाळी सकाळची झाली.

वृद्धाश्रम खाडीच्या पलीकडे आहे. सरळ पाण्यावरून बघितलं तर समोरच, रस्त्याने मात्र अख्ख्या खाडीला वळसा. पहाटे निघावं लागतं. हाल्वार तेव्हा अंथरुणात असतो. तो उठतो का, दिवा लावतो का, की भिंतीकडे तोंड करून तसाच पडतो, हे कळायचं कसं? दोन रात्री विचार करून हेर्डिसने तोडगा काढला. तिने दिवा कोपऱ्यातून उचलला आणि खाडीकडच्या खिडकीत ठेवला, समोर खुर्ची मांडली.

"खिडकीत?" हाल्वारने विचारलं.

"मग मला तिकडून दिसणार कसा? मी पोचले की तू लाव. दिसला की माझा जीव भांड्यात पडेल."

हाल्वारने खिडकीकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाला.

हिवाळ्यात हाल्वारच्या "बरं"चा अर्थ काहीही होऊ शकतो. पण हेर्डिसला त्यात हो ऐकायचं होतं, आणि तिने ते ऐकलं.

पलीकडे वृद्धाश्रमात खाडीकडच्या खोलीत पेत्राआजी राहते. वय नव्वदीच्या पुढे, पाय गेलेले, जीभ शाबूत. हेर्डिस तिला सकाळी खिडकीशी बसवते, लापशी भरवते आणि दोघी मिळून काळ्या पाण्यापलीकडे बघतात. रेडिओवर समुद्रावरचं हवामान सांगायला लागतात आणि पलीकडे, पिवळ्या ठिपक्यांच्या रांगेत, एक पांढरा ठिपका पेटतो. तो पेटेपर्यंत हेर्डिसचा श्वास वर अडकलेला असतो. पेटला की ती चमचा भरते. असं सबंध डिसेंबर चाललं. संध्याकाळी घरी येऊन बघावं तर हाल्वार काही बरा दिसत नव्हता. ताटातलं ताटात राहायचं, दाढी वाढलेली. पण दिवा तर रोज लागतोय, मग येईलच गुण, असं ती स्वतःला समजावत राहिली. डॉक्टरीणबाईचा फोन आला तेव्हाही तिने छातीठोकपणे सांगितलं, "एक दिवस चुकवत नाही तो."

नवीन वर्ष लागलं आणि थंडी हात धुऊन पाठीस लागली. इथे रात्री गाडीच्या इंजिनाला वायर लावून ठेवतात आणि वायरीच्या तोंडाशी एक टायमर बसवतात. पहाटे तो आपोआप चालू होतो आणि निघायच्या वेळेला इंजिन गरम असतं. त्या पहाटे हेर्डिस बाहेर आली तर गाडी थंडगार. टायमरमध्ये बर्फ शिरून तो बंद पडला होता. हरकत नाही, तिने विचार केला, हाल्वारच्या जुन्या व्हॅनचा टायमर आहे की. ती व्हॅन हिवाळाभर हलतच नाही. ती बर्फ तुडवत घरामागे गेली. वायर होती. टायमर नव्हता.

कुणी चोरला म्हणावं, तर स्कार्वनेसमध्ये चोरी करून माणूस लपवणार कुठे? पुन्हा पुन्हा किल्ली फिरवत, कशीबशी गाडी चालू करून ती निघाली. डोक्यात भुंगा लागला तो लागलाच. गेला कुठे टायमर?

पेत्राआजीला खिडकीशी बसवलं. लापशी आली. रेडिओवर हवामानाची धून वाजली, आणि पलीकडे पांढरा ठिपका पेटला.

"लागला बघ," पेत्राआजी म्हणाली. "हवामानवाला घसा खाकरायच्या आत लागतो. माझ्या नवऱ्याने चर्चची घंटा जन्मभर वाजवली, तोसुद्धा इतका वेळेवर कधी नव्हता. खरं सांगू का पोरी? माणसाला नाही जमत इतकं. घड्याळालाच जमतं."

हेर्डिसला व्हॅनची टायमर नसलेली वायर आठवली.

हाल्वार आयुष्यात भरती-ओहोटी सोडून कशाच्याही वेळेवर पोचलेला नव्हता. स्वतःच्या लग्नालासुद्धा. चमचा तिच्या हातात तसाच राहिला आणि लापशी आजीच्या मांडीवरच्या पांघरुणावर सांडली.

"अगं, काय झालं?"

"आजी, मला जायला हवं." तिने बाहेर येऊन घरी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग तिने ओलुफला लावला. ओलुफचं घर रस्त्यापलीकडे, पाण्याच्या अंगाला जरा बाजूला आहे; त्याच्या स्वयंपाकघरातून तिची खिडकी सरळ दिसते.

"ओलुफ, माझ्या खिडकीत बघ."

"बघतो ना. दिवा लागलाय."

"दिवा लागलाय ते मला इथून दिसतंय! खुर्चीत कोणी आहे का?"

पलीकडून कॉफीचा कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"त्या खुर्चीत," तो म्हणाला, "नाताळच्या बऱ्याच आधीपासून कोणी बसलेलं नाही."

"आणि हे तू मला सांगितलं नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

हेर्डिसच्या तोंडून जे निघालं ते वृद्धाश्रमाच्या दारात उभं राहून कुणी बोलत नाही. "कुठे आहे तो?"

"होडीघरात जातो तो सकाळी. हेर्डिस, ऐक माझं, गाडी सावकाश आण. रस्त्यावर काच झालीये बर्फाची. तो कुठे जात नाही."

"तुला काय माहीत कुठे जात नाही!" तिने फोन ठेवला.

मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात. खाडीचा तो वळसा हेर्डिसने कसा पार केला ते तिलाच माहीत. वळणावर गाडी दोनदा घसरली. पाण्याच्या बाजूला बघायचं नाही असं तिने ठरवलं आणि सगळा वेळ पाण्याकडेच बघत राहिली. एखादा काळा ठिपका दिसतो का, होडीचा. अंधारात काळ्या पाण्यावर काळी होडी काय दिसणार? मला कसं कळलं नाही, हे एकच वाक्य डोक्यात फिरत होतं. रोज म्हाताऱ्या माणसांची नाडी बघते मी, आणि घरात दिव्याची नाडी बघत बसले.

स्वयंपाकघरात सगळं लख्ख होतं. पांढरा उजेड खुर्चीवर सांडलेला, खुर्चीच्या पाठीवरचं विणलेलं फडकं जसंच्या तसं. भिंतीतल्या प्लगला व्हॅनचा टायमर टकटक करत होता, दिव्याची वायर त्यातच खोचलेली. पलंग रिकामा, पांघरूण थंड. खुंटीवरचा कोट गेलेला.

ती उतारावरून होडीघराकडे धावली. दार उघडंच होतं. आत मिट्ट काळोख, डांबराचा आणि जुन्या दोरांचा वास. मोबाइलचा उजेड तिने आधी भिंतीवर टाकला, दाराशेजारच्या खिळ्यावर. होडी पाण्याबाहेर काढली की तिच्या बुडाचं लाकडी बूच काढून त्या खिळ्याला टांगायचं, म्हणजे आत साचलेलं पाणी निघून जातं. तिच्या सासऱ्याच्या काळापासून ते बूच तिथेच टांगलेलं असे.

खिळा रिकामा होता.

बूच खिळ्यावर नाही म्हणजे होडीत बसवलंय. होडीत बसवलंय म्हणजे तो निघायच्या तयारीत आहे, नाहीतर निघून गेलाय.

"हाल्वार!"

"ओरडू नकोस," होडीतून आवाज आला. "इथेच आहे मी."

होडी लाकडी फळ्यांवर उभी होती, आणि तो तिच्यात मधल्या फळीवर बसला होता, कोट घालून, हात बाह्यांमध्ये खुपसून. तिने त्याच्या तोंडावर उजेड टाकला. त्याने डोळे मिटले.

"विझव ना तो. सगळे जण उठताबसता माझ्या तोंडावर उजेड मारतात."

तो जिवंत आहे एवढं दिसल्यावर तिच्या भीतीचा राग झाला. "लाज नाही वाटली? महिनाभर तोंडाला पानं पुसलीस माझ्या! मी तिकडे बसून दिवा बघते, देवाचे आभार मानते, आणि इकडे रिकामी खुर्ची ऊन खातेय! आणि बूच कुठे आहे, हाल्वार? कुठे निघाला होतास?"

"कुठे नाही."

"खोटं बोलू नकोस!"

"खाली हात घालून बघ," तो म्हणाला. "बुडाशी. मागच्या बाजूला."

ती आत वाकली. बोटांना बर्फ लागला, मग भोक लागलं. भोक मोकळं होतं. फळीच्या खालून येणारा वारा तिच्या बोटांना लागला.

"ओलुफकडे आहे बूच," हाल्वार म्हणाला. "नोव्हेंबरातच दिलं. पुन्हा तसं व्हायला लागलं तेव्हा. म्हटलं, आपलाच आपल्यावर भरवसा नाही, तर असू दे त्याच्याकडे."

हेर्डिस होडीच्या काठाला धरून उभी राहिली. "मला का नाही दिलंस?"

"तुला दिलं असतं तर का दिलं ते तुला कळलं असतं."

"आणि ओलुफने नाही विचारलं?"

"ओलुफ कधी काही विचारतो का?"

ती रडायला लागली. हाल्वार उठला नाही, जवळ आला नाही. तेवढं बळ त्याच्यात नव्हतं. पण तो बोलायला लागला, आणि इतकं तो कित्येक आठवड्यांत बोलला नव्हता. "पहिले चार दिवस बसलो गं मी त्या खुर्चीत. खरंच बसलो. पण दुकानाच्या काचेत मांडलेल्या मालासारखं वाटायचं. सगळी खाडी बघतेय, हाल्वार आपल्या सूर्यासमोर बसलाय म्हणून. धक्क्यावर गेलो तर पोरं म्हणतात, काय रे, उन्हाने रापलास की नाही अजून? त्यांचं काय, गंमत. पण मग बसवेना. आणि दिवा नाही लागला तर तू तिकडे मरशील काळजीने, ते माहीत होतं. म्हटलं, दोघांपैकी एकाचा तरी जीव शांत असू दे."

"म्हणून इथे येऊन बसतोस? या अंधारात?"

"इथे कोणी बघत नाही."

तेव्हा हेर्डिसला ते कळलं, आणि ते तिने मला सांगितलं तेव्हाही तिचा आवाज चिरकत होता. दिवा त्याच्यासाठी होता. आपण तो स्वतःसाठी खिडकीत नेऊन ठेवला. त्याचं औषध आपणच पिऊन टाकलं.

त्याच दिवशी डॉक्टरीणबाई घरी आली. स्कार्वनेसमध्ये कुणी दोन वर्षांत जे विचारलं नव्हतं, ते तिने बूट काढता काढता विचारलं. "मरावंसं वाटतं का, हाल्वार?"

हेर्डिसला वाटलं, जमीन दुभंगावी. जमीन काही दुभंगली नाही. हाल्वारने बराच विचार केला. "मरावंसं असं नाही," तो म्हणाला. "पण सकाळी उठलं की वाटतं, नसतो तर बरं झालं असतं."

"हे चांगलं केलंत सांगितलंत ते," ती म्हणाली, जणू त्याने गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. तिने गोळ्या वाढवल्या, दर आठवड्याला बोलायला यायचं ठरवून टाकलं, आणि एकदम असं वाटलं तर रात्री-अपरात्री कुठे फोन करायचा ते दोघांनाही तोंडपाठ म्हणायला लावलं. मग खिडकीतल्या दिव्याकडे पाहून म्हणाली, "हा इथे कुणी ठेवला?"

"मी," हेर्डिस म्हणाली.

"खाडीला काही झालेलं नाहीये, हेर्डिस."

दिवा पुन्हा चुलीशेजारच्या कोपऱ्यात गेला, साखरेच्या डब्याला टेकून. खिडकीत पूर्वीचा छोटा पिवळा दिवा आला. हेर्डिसने आठवडाभर रजा घेतली आणि पूर्वीसारखी त्याच्याशेजारी विणत बसली.

रजेच्या शेवटच्या सकाळी ओलुफ आला. तो कॉफीला आला असं म्हणाला, दिव्याच्या उजेडात डोळे बारीक करून बसला, आणि दुसरा कप झाल्यावर त्याने कोटाच्या खिशातून बूच काढून टेबलावर ठेवलं. अंगठ्याएवढं जाड, काळपट, धागा गुंडाळलेलं.

हेर्डिसने हात पुढे केला. ओलुफने बुचावर आपला पंजा ठेवला.

"ज्याने दिलं त्यालाच देणार."

"ओलुफ, मी बायको आहे त्याची!"

"असशील. पण दिलं त्याने."

दोघं हाल्वारकडे बघायला लागले. तो पांढऱ्या उजेडात बसला होता, तोंडावरची सुरकुती न् सुरकुती उघडी. "तिला दे," तो म्हणाला.

ओलुफने पंजा उचलला. जाताना दारात थांबून तो चाचरत म्हणाला, "पुढच्या वेळी मी विचारीन, हाल्वार." ओलुफच्या मानाने हे भाषण झालं.

दुसऱ्या दिवसापासून हेर्डिस कामावर जायला लागली. पलीकडच्या किनाऱ्यावर आता सगळे ठिपके पिवळे होते, आणि आपला कोणता तेही नीट कळत नव्हतं.

"तुझा पांढरा दिवा गेला," पेत्राआजीची तक्रार सुरू झाली. "आता मला काय बघायचं?"

"रेडिओ ऐका, आजी."

काळजी गेली असं नाही. काळजी कसली जाते? हवामानाची धून वाजली की हेर्डिसचा श्वास अजूनही अडकायचा. तो उठला असेल का, बसला असेल का, की पुन्हा नाही? फोन करायला हात शिवशिवायचा. मग तो हात आपोआप एप्रनच्या खिशात जायचा आणि बुचाभोवती मिटायचा. इतकं तिने ते चाचपलं की धाग्याचं टोक सुटून आलं. एका सकाळी तिला इतकं भरून आलं की ती गाडीची किल्ली घेऊन दारापर्यंत गेली, तिथे उभी राहिली, आणि परत येऊन चादरी बदलायला लागली. त्या दिवशी घरी गेल्यावर हाल्वारने स्वतःहून सांगितलं, "आज नाही बसलो. पडून राहिलो. उद्या बसेन." हे ऐकून तिला भीती वाटली, पण महिनाभराच्या पांढऱ्या ठिपक्याने दिला नव्हता इतका धीरही आला.

सूर्य आला त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, बेकरीत सूर्याच्या स्वागताला खातात ते साखर घातलेले जॅमचे गोल पाव संपले होते, आणि सगळं गाव टेकडीवर तोंड वर करून उभं होतं. डोंगराच्या खाचेतून एक लालसर कड दिसली न दिसली आणि गेली. पोरांनी आरडाओरडा केला. हाल्वारच्या मिशीला साखर लागली होती. घरी परतताना तो वाटेत होडीघराशी थांबला आणि त्याने तिच्यापुढे तळहात पसरला.

"दे."

हेर्डिसचा हात खिशातच राहिला. देऊ नये असं तिला वाटलं, आणि दिलं नाही तर तो पुन्हा तिच्यापासून लपायला लागेल, हेही तिला दिसलं. आता नजर ठेवायला पांढरा दिवा नव्हता.

"कुठे जायचंय?"

"खाडीच्या तोंडापर्यंत. संध्याकाळच्या जेवणाला मासा आणतो."

"मीपण येते," ती म्हणाली. "आणि बूच मी बसवणार."

हाल्वार तिच्याकडे बघतच राहिला. "तू? होडीत?"

"ओकेन मी. तू बघू नकोस."

ती काठ ओलांडून आत गेली, गुडघ्यांवर बसली, भोक शोधून बूच त्यात घातलं आणि बुटाच्या टाचेने ठोकलं. पुन्हा ठोकलं. मग दोन्ही हातांनी हलवून पाहिलं.

"बसलं गं. आता काढायला सुतार लागेल."

"मला खात्री करू दे."

त्याने खुंटीवरची दोन्ही लाइफ जॅकेट काढली, एक स्वतः घातलं आणि एक तिच्या अंगावर टाकलं. होडी पाण्यात गेली. हेर्डिसने दोन्ही काठ धरून डोळे मिटले, आणि खाडीच्या मध्यावर इंजिनाचा आवाज कमी झाला तेव्हा उघडले. किनारा निळसर दिसत होता. त्यात पिवळ्या ठिपक्यांची रांग. जन्मभर तिने ते दिवे जमिनीवरून सांभाळले होते, पाण्यावरून कधी पाहिले नव्हते.

"आपला कुठला?" तिने विचारलं.

त्याने न शोधता बोट दाखवलं. "तो. ओलुफच्या डावीकडचा."

"इतक्या लांबून ओळखू येतो तुला?"

"नेहमीच येतो."

मग तिने ते विचारलंच. "त्या दिवशीपण? वारा खायला आला होतास तेव्हा?"

हाल्वारने सुकाणू धरलेला हात सैल केला. "त्या दिवशीपण," तो म्हणाला. "म्हणून तर वळवली होती होडी. ओलुफ आला तेव्हा तिचं तोंड घराकडे होतं. त्याला विचार."

हेर्डिसने वाकून बूच पुन्हा एकदा चाचपून पाहिलं.